चार्जर ६७ वॅटचा, तरी फोन रेंगाळत का चार्ज होतो?

चार्जरवर मोठ्या अक्षरांत छापलेले वॅट म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, एवढंच. फोनला प्रत्यक्षात किती मिळेल हे चार्जर, केबल आणि फोन या तिघांचं जमण्यावर ठरतं. न जमल्यास ६७ वॅटचा चार्जरही १० वॅटवर येऊ शकतो. कुठे अडतंय ते घरच्या घरी शोधता येतं.

१. आधी वेग मोजा. बॅटरी २० टक्क्यांवर आली की स्क्रीन बंद ठेवून चार्जिंगला लावा आणि ५० टक्के व्हायला किती मिनिटं लागतात ते पाहा. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते, तिचे ३० टक्के म्हणजे पावणेसहा. २५ वॅटने हे १६-१८ मिनिटांत व्हायला हवं. चाळीस मिनिटं लागली, तर फोन साध्या १० वॅटवरच चाललाय.

२. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. ‘आउटपुट’च्या ओळीत व्होल्ट आणि अँपिअरच्या जोड्या असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १०. ९ व्होल्ट, २.७७ अँपिअर म्हणजे २५. ११ व्होल्ट, ६.१ अँपिअर म्हणजे ६७. पण नुसता आकडा जुळून भागत नाही, पद्धतही जुळावी लागते. आयफोन आणि पिक्सेल यूएसबी पीडी (पॉवर डिलिव्हरी) या अनेक कंपन्यांच्या सामायिक चार्जिंग पद्धतीवर चालतात. सॅमसंगच्या २५ आणि ४५ वॅटच्या फोनना त्यातलंच पीपीएस लागतं: यात फोन २० मिलिव्होल्टच्या बारीक पायऱ्यांनी हवं तेवढंच व्होल्टेज मागून घेतो, म्हणून फोनच्या आत उष्णता कमी होते. ओप्पो, वनप्लस, रियलमी यांचं सुपरवूक वेगळंच. त्यामुळे घरातल्या एकाचा ८० वॅटचा चार्जर दुसऱ्याच्या फोनला लावला की बहुतेकदा निराशाच होते.

दोन पोर्टच्या चार्जरला दोन्हीकडे काही जोडलं, तर वॅट वाटले जातात, हेही ध्यानात ठेवा.

३. केबल बदलून पाहा. नवा चार्जर घेण्याआधी हे कराच, कारण दोष बऱ्याचदा इथेच सापडतो. टाइप-सी ते टाइप-सी साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच चालते. ५ अँपिअरसाठी पिनमध्ये ई-मार्कर नावाची चिप असावी लागते. सॅमसंगचं ४५ वॅट अशा केबलशिवाय मिळत नाही. सुपरवूकला त्याचीच केबल वापरा.

४. फोनचं चार्जिंग सॉकेट साफ करा. खिशातले तंतू आत दबून बसतात, मग पिन पूर्ण आत जात नाही आणि जराशा धक्क्याने चार्जिंग तुटतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने कचरा हलकेच उकरा. सुई किंवा टाचणी अजिबात नको, आतल्या पट्ट्या वाकतात.

५. उष्णता टाळा. बॅटरी तापली की फोन स्वतःच वेग कमी करतो. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा चालू ठेवून चार्जिंग केलं, तर टक्का हलणारही नाही. जाड कव्हर काढा, गादीवर ठेवू नका.

हे सगळं ठीक असूनही ८० टक्क्यांनंतर वेग मंदावला, तर तो दोष नाही. सेल साधारण ४.४ व्होल्टला पोचला की व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह हळूहळू कमी करावा लागतो, नाहीतर बॅटरीचं नुकसान होतं. घाईत बाहेर पडायचं असेल, तर ८० टक्क्यांवरच पिन काढा.