कृत्तिका, ओवी आणि शंभर पानी वही

पैठणला धरणाच्या कामावर असताना माझं रोजचं पहिलं काम म्हणजे सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तो आकडा पुढं कुणाच्या तरी टेबलावर जायचा. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्याच वेळेला अंगणात येऊन उभा राहिलो. पाऊस चांगला पडत होता आणि माझ्याकडे त्याचा हिशेब कुणीच मागत नव्हतं. जगायचं कशासाठी, वगैरे प्रश्न मला असा आला, जरा उशिराच.

त्यावर मी जे सुरू केलं ते सांगतो. शंभर पानी वही घ्या, पेन्सिल घ्या आणि कार्तिकात सुरुवात करा.

दिवेलागण झाल्यावर पूर्वेला तोंड करून बसा. कृत्तिका ओळखायला सोप्या, ताऱ्यांचा लहानसा झुबका दिसतो. मोबाइल घरात ठेवून या. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोबाइलकडे एकदा पाहिलंत की पुन्हा पहिल्यापासून. मग झुबक्याकडे थेट पाहू नका, नजर किंचित बाजूला ठेवा. अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी बुबुळाच्या सरळ रेषेत, मध्यभागी नसतात, कडेला असतात. बाजूला पाहिलं की एखादा तारा हळूच वाढतो. मोजा. आकडा लिहा.

आत या. ज्ञानेश्वरीतली एक ओवी मोठ्यानं वाचा, एकच. वाचताना मनात काय झालं ते वहीत दुसऱ्या ओळीत लिहा. जे व्हायला हवं होतं ते नको. माझ्या वहीत एका कार्तिक वद्य चतुर्थीला असं आहे: ‘तारे ५. ओवी वाचताना भाजीवाल्याचे उरलेले पैसे आठवले.’

नियम एकच, पदरचं घालायचं नाही. हा मी चुकून शिकलो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तापानं एक दिवस घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी भांड्यात ३१ मिलिमीटर निघाले, दोन दिवसांचे मिळून. मी १९ आणि १२ असे वाटून टाकले. कुणाला कळलं नाही. ते दोन आकडे मला अजून पाठ आहेत.

आमच्या पैठणात हा नियम जुना आहे. १२९० सालची ज्ञानेश्वरी नकला होत होत तीनशे वर्षांत अशुद्ध झाली होती. नाथांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली आणि शेवटी बजावलं की यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली म्हणून समजा. रिकामी करवंटी! कृत्तिका आपल्यापासून सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर. आज अंगणात पोचलेला प्रकाश तिथून निघाला तेव्हा नाथ पैठणात होते. त्याच वर्षी, त्याच रात्री निघाला असं म्हणायचा मोह मलाही होतो, पण अंतराच्या मोजणीतच काही वर्षांचं मागंपुढं आहे. म्हणजे ती माझी नरोटी.

‘नासानं मान्य केलं’ असे निरोप पाठवणारे माझे मित्र तेच करतात. भक्ती म्हणजे मेंदूतलं रसायन, बाकी काही नाही, असं सांगणारा माझा पुतण्याही. रसायन आहे हे मोजलेलं आहे. ‘बाकी काही नाही’ हे त्याच्या पदरचं.

घरातल्या कुणाला बरोबर घ्या, पण सरासरी काढू नका. माझे पाच असताना नात म्हणाली, “आबा, नऊ आहेत!” तिचे नऊ तिच्या नावानं लिहिले. मोतीबिंदू काढल्यावर माझे सहा झाले. म्हणजे सहावी सगळी वर्षं तिथंच होती, पडदा माझ्या डोळ्यावर होता. त्या रात्री ओवी वाचायची राहिली, आणि वहीत तसंच लिहिलंय: ‘राहिली.’

कंटाळा येईल. माझा पौष सगळा कोरडा गेला, पानामागून पान ‘मन लागलं नाही’. लिहीत राहा. फाल्गुनात, नाथषष्ठीच्या सुमारास, कृत्तिका पश्चिमेला कललेल्या असतात आणि दिंड्यांच्या दिव्यांत एखाददुसरी कशीबशी दिसते. वैशाखात सूर्याआड जातात. तेव्हा ‘दिसत नाहीत’ लिहायचं. ‘नाहीत’ लिहायचं नाही.

ज्येष्ठ सरता सरता पहाटे पूर्वेला पुन्हा येतात, पण तोवर पाऊस आलेला असतो, म्हणून बहुतेक पानांवर ‘ढग’. मी अंगणात जुना पर्जन्यमापक बसवून घेतलाय. त्याचा आकडा तिसऱ्या ओळीत लिहितो. अजून कुणी मागितलेला नाही.