पॅकेट रेडिओवर आपत्कालीन निरोप: या चुका टाळा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. वीज गेली, पाठोपाठ मोबाइलही मुके झाले. तेव्हापासून आमच्या ओळखीतली बरीच हॅम (हौशी रेडिओवाली) मंडळी पॅकेटकडे, म्हणजे मजकूर छोट्या तुकड्यांत रेडिओवरून पाठवण्याकडे, वळली आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. औषधांची यादी किंवा अडकलेल्या माणसांचे आकडे आवाजावर सांगताना हमखास घोळ होतो. पॅकेटमध्ये चेकसम, म्हणजे मजकूर बिघडला का हे ओळखणारा आकडा, असतो. जोडणी करून निरोप पाठवला की बिघडलेलं पॅकेट पलीकडचं स्टेशन टाकून देतं आणि ते पुन्हा पाठवलं जातं. पण दर सरावात त्याच त्या चुका बघून जीव मेटाकुटीला येतो. पाणी चढत असताना त्या निस्तरायला कुणाकडे वेळ नसतो, म्हणून हे लिहितोय.

आवाज वाढवला म्हणजे सिग्नल लांब जात नाही

एका मे महिन्यात पावसाळ्याआधीचा सराव होता. एका नव्या मित्राने शाळेच्या वर्गात स्टेशन लावलं होतं, डोंगरावरचा डिजिपीटर (पॅकेट ऐकून पुढे पाठवणारं स्टेशन, थोडक्यात डिजी) खिडकीतून समोर दिसत होता. माझ्या रिगवर (रेडिओ सेटवर) त्याचा सिग्नल मीटर भरून येत होता, स्पीकरमधली किरकिर कानात घुसत होती, आणि स्क्रीनवर मात्र एक अक्षर उमटत नव्हतं. त्याने पॉवर वाढवली. मग अँटेना आणखी उंच बांधला, मग केबल बदलली. यात पाऊण तास गेला. तेवढा वेळ त्याचं सॉफ्टवेअर रिट्राय करत, म्हणजे तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहिलं आणि बाकीची तीन स्टेशनं चॅनल मोकळा व्हायची वाट बघत बसली. शेवटी मी गाडी काढून तिथे गेलो. लॅपटॉपचा आवाज शंभरवर होता. पस्तीसवर आणला आणि पुढचं पॅकेट पहिल्याच फटक्यात उतरलं.

१२०० बॉडचं (सेकंदाला १२०० बिटचं) पॅकेट म्हणजे लॅपटॉपमधून निघणारे १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर. माइकच्या वाटेने जाताना रिग वरचा सूर आणखी उचलते. आवाज जास्त झाला की आतला लिमिटर छाटणी करतो आणि २२०० चा सूर आधी चिरडला जातो. आपल्या कानाला ते मोठं, खणखणीत वाटतं, पण मोडेमला (सुरांचा पुन्हा मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरला किंवा यंत्राला) त्यातून काही कळत नाही.

माझी सवय अशी: दुसरा हँडी (हातातला छोटा रेडिओ) शेजारी ठेवायचा, त्याला इअरफोन लावायचा. लॅपटॉपचा आवाज शून्यापासून हळूहळू वाढवायचा. एका जागी येऊन इअरफोनमधला आवाज वाढायचा थांबतो. तिथून बराच मागे यायचं, आणि तो आकडा मार्करने लॅपटॉपवरच चिकटपट्टीवर लिहून ठेवायचा. डायर वुल्फ हे मोडेमचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर येणाऱ्या पॅकेटची पातळी पन्नासच्या आसपास दिसली पाहिजे. आणि रिगसाठी वेगळं यूएसबी साउंड कार्ड घ्या. नाहीतर कुणाचा ईमेल आला की त्याचं 'टिंग'ही हवेत जातं.

व्हॉक्सवर भागवू नका

एक केबल वाचते म्हणून नवी मंडळी व्हॉक्सवर, म्हणजे आवाज आला की आपोआप ट्रान्समिट सुरू करणाऱ्या सोयीवर, पॅकेट चालवतात. मला हा शॉर्टकट अजिबात पटत नाही. व्हॉक्स उशिरा जागा होतो, त्यामुळे पॅकेटचं तोंड कापलं जातं. आणि तो सुटतोही उशिरा, म्हणजे पलीकडच्या स्टेशनची पोच येते तेव्हा तुमचा हँडी अजून ट्रान्समिटवरच अडकलेला असतो. पोच ऐकूच येत नाही, मग रिट्राय, पुन्हा तेच. लोक वैतागून म्हणतात, 'पॅकेट बेभरवशाचं आहे.' बेभरवशाचा आहे तो व्हॉक्स. पीटीटी, म्हणजे ट्रान्समिटचं बटण, ओढणारी केबल किंवा इंटरफेस एका रविवारी बसून करता येतो. सोल्डरिंग येत नसेल तर शिका, या छंदात त्यावाचून गत्यंतर नाही.

पीटीटी असली तरी टीएक्स-डिले, म्हणजे ट्रान्समिट सुरू झाल्यापासून मजकूर निघेपर्यंतचा थांबा, बघा. स्वस्त हँडीला मी ४०० मिलिसेकंद ठेवतो. केआयएसएसमध्ये (सॉफ्टवेअर आणि मोडेम जोडायच्या पद्धतीत) हा आकडा दहा मिलिसेकंदांच्या पटीत असतो, म्हणजे ४०. तिथे ४०० लिहिणारेही मी पाहिलेत.

हँडीचा बॅटरी सेव्हर बंद करा आणि ड्युअल स्टँडबायही (दोन चॅनल आळीपाळीने ऐकणं) बंद करा, नाहीतर पॅकेट येतं तेव्हा तो दुसरीकडेच ऐकत असतो. साउंड कार्ड वापरत असाल तर रेडिओचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) उघडा ठेवा. बोलण्यासाठीच्या रिपीटरवर (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या स्टेशनवर) पॅकेट टाकू नका.

दर पंधरा सेकंदांनी बीकन (आपण हवेत आहोत हे सांगणारं आपोआप जाणारं पॅकेट) सोडू नका. खोऱ्यातली स्टेशनं डोंगरावरच्या डिजीला ऐकतात, एकमेकांना नाही. त्यामुळे दोघांनाही चॅनल रिकामा वाटतो आणि दोघांची पॅकेटं डिजीवर आदळतात. जागा न बदलणाऱ्या स्टेशनला अर्ध्या तासाने एक बीकन भरपूर झाला. आणि उत्तर आलं नाही म्हणून लगेच पुन्हा बटण दाबू नका. हात मांडीखाली ठेवून बसा, पण थांबा.

निरोप कसा लिहायचा

१२०० बॉड म्हणजे फार तर सेकंदाला १५० बाइट. मेगाबाइटभर फोटोला कुठलाही अडथळा न येता पावणेदोन तासांहून जास्त लागतील. फोटो पाठवायचाच नाही.

देवनागरीचा मोह मलाही होतो. पण 'पाणी' हा शब्द युनिकोडमध्ये (यूटीएफ-८) बारा बाइट घेतो, रोमन लिपीत चार. शिवाय जुन्या टीएनसीत (पॅकेटच्या मोडेमच्या डब्यात) आठवा बिट कापला जात असेल तर पलीकडे नुसता कचरा उमटतो. मराठीतच लिहा, पण रोमन अक्षरांत. मी आधी वहीत असं लिहितो, मग रोमन अक्षरांत टाइप करतो: 'पूर्वेकडची वाडी, शाळेचा वरचा मजला, माणसे १४, बाळंतीण १, होडी हवी, वेळ १६४०.' वेळ कधीच वगळू नका. दोन तास वाट बघून पोहोचलेला निरोप ताजा की शिळा, हे त्याशिवाय होडीवाल्याला कळणार नाही.

हॅम बँडवर गुप्त लिपी चालत नाही, म्हणजे तुमचं प्रत्येक पॅकेट ऐकणारा कुणीही वाचू शकतो. रुग्णाचं नाव, आजार आणि फोन नंबर एकाच निरोपात घालू नका. मी वहीत नावापुढे अनुक्रमांक टाकतो आणि हवेत फक्त तो क्रमांक पाठवतो. वहीची दुसरी प्रत सराव सुरू व्हायच्या आधीच पलीकडच्या ऑपरेटरच्या हातात दिलेली असते.