सुरण खाजू नये म्हणून

पावसाळा सरला की बेळगावात शनिवार खुटाच्या बाजारात खानापूरकडच्या मावशी सुरणाचे मातीने माखलेले गड्डे घेऊन बसतात. घसा खाजेल या भीतीने ते टाळू नका, फार गुणाचा कंद आहे. आयुर्वेदात त्याचं नावच अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याधीवरचा.

खाज येते ती त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून गड्डा आधी धुऊन पूर्ण कोरडा करा. हाताला खोबरेल तेल चोळा आणि ओल्या हाताने कापू नका. साल जाड काढा, गुलाबीसर गर लागेपर्यंत. फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग ताज्या चिंचेच्या पाण्यात सुरी सहज आरपार जाईल इतक्या शिजवा. अर्धकच्चा सुरण हमखास खाजतो. शिजवलेल्या कापांना तिखट-मीठ-हळद लावून, रव्यात घोळवून तव्यावर खरपूस करा. भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही!

मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावा.

मधला डोळ्याचा तुकडा फेकू नका. वळीव झाला की परसात पुरा, आठ-नऊ महिन्यांत नवा गड्डा तयार होतो.