सहा मीटरचे पाइप, कळंबोली ते माणकोली: गाडी भरण्याआधी काय काय बघायचे

नवी मुंबईतल्या कळंबोलीच्या स्टील मार्केटात ट्रक क्रेनखाली लागला की कुणाला थांबायला सवड नसते. म्हणून तपासायचे ते आदल्या संध्याकाळीच तपासा. माल बांधायचे बेल्ट सुटून पाइप घसरतात, त्यातल्या बहुतेक वेळी चूक माल भरतानाच झालेली असते.

पहिला प्रश्न हौद्याच्या (ट्रकच्या माल भरायच्या भागाच्या) लांबीचा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. बाजारातला पाइप सहसा ६ मीटरचा. १९ फुटी हौदा आतून ५.८ मीटरही भरत नाही. म्हणजे फाळका (हौद्याची मागची झडप) पाडून पाइप वीतभर बाहेर काढावेच लागतात आणि लाल फडके बांधून काम भागले असे सगळे समजतात. पूर्वी मागे १ मीटरपर्यंत माल बाहेर काढायची मुभा होती, ती २०१४ मध्ये काढून टाकली. आता बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीला माल मर्यादेबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपयांची तरतूद आहे. दंड बाजूला ठेवा. रात्री मुंब्रा बायपासवर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ते वीतभर लोखंड दिसत नाही. ६ मीटरच्या मालाला २२ फुटी हौदा मागवा. तो मिळत नसेल तर भाडे दुसऱ्या दिवशी करा.

मग वजन. आरसीवर एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात, पण रिकामी गाडी स्वतः वजनकाट्यावर घालून बघा. ताडपत्री, साखळ्या आणि नंतर वाढवलेल्या हौद्याचे लोखंड आरसीत धरलेले नसते. जुलै २०१८ मध्ये केंद्राने तीन अ‍ॅक्सलच्या गाडीची मर्यादा २५ वरून २८.५ टनांवर नेली. तुमच्या आरसीवर जुना आकडा असेल तर जुनाच धरा. काट्यावर रिकामी गाडी ९.५ टन भरली आणि आरसीवर २८.५ असेल, तर माल १९ टन, त्यावर एक पाइपही नाही. जादा वजनाला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. वजनासाठी गाडी थांबवायला नकार दिला तर ४०,०००. कायद्याची भाषा ‘जो चालवतो किंवा चालवायला लावतो’ अशी आहे, त्यामुळे ‘भर रे अजून दोन टन’ म्हणणारा शेटही त्यात येतो.

कागद थोडक्यात: आरसी, विमा, परमिट, पीयूसी, लायसन्स, आणि पासिंगची (फिटनेस दाखल्याची) तारीख. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांचे, पुढे दरवर्षी. डिजिलॉकरमधली प्रत चालते, पण मोबाइल चार्ज असू द्या. राज्यातल्या राज्यात १ लाख रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागते. ऐनवेळी गाडी बदलली तर त्यावरचा नंबरही बदला. ठाणे वाहतूक पोलिसांच्या अवजड वाहनांच्या वेळा रस्त्याच्या कामांप्रमाणे बदलतात. ताजी अधिसूचना निघायच्या दिवशी सकाळी बघा.

गाडीभोवती एक चक्कर मारा. टायरची नक्षी किमान १.६ मिमी हवी. मागच्या जोड टायरांमध्ये दगड अडकलेला नाही ना, तेही वाकून बघा. हवेच्या टाक्यांतले पाणी काढा, पावसाळ्यात तर रोज. मग इंजिन बंद करून ब्रेक मिनिटभर दाबून धरा. हवेच्या दाबाचा काटा खाली सरकत राहिला तर गळती आहे, गाडी भरू नका. परावर्तक पट्टी पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. ती चिखलाने माखलेली असेल तर नसल्यासारखीच.

आता बांधणी. हौदा झाडून घ्या. तेलकट लोखंडावर लोखंड साबणासारखे सरकते, म्हणून तळाला आणि प्रत्येक थरामध्ये आडवे लाकूड घाला. पाइपांची टोके हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकलीच पाहिजेत. मध्ये जागा राहिली तर ती ओंडक्यांनी भरा. जोराच्या ब्रेकला माल स्वतःच्या वजनाच्या ०.८ पटीने पुढे ओढ घेतो असे धरतात, म्हणजे १० टन पाइपांची केबिनकडे ८ टनांची ओढ. बाहेरचे पाइप बेल्ट धरतो, पण गठ्ठ्याच्या पोटातले सुटे पाइप भाल्यासारखे निघतात. त्यांना अडवते ती फक्त भिंत.

किती बेल्ट? अमेरिकेच्या संघीय नियमातला हिशेब इथेही उपयोगी आहे: सगळ्या बेल्टांची मिळून काम-क्षमता (सुरक्षितपणे पेलायचा भार) मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. शिवाय पहिल्या १० फुटांना दोन बेल्ट आणि पुढच्या प्रत्येक १० फुटांना एक. १० टन पाइपांना ५ टन क्षमता, म्हणजे अडीच टनांचे दोन बेल्ट पुरतात, पण लांबीमुळे (६ मीटर म्हणजे जवळपास २० फूट) तीन होतात. आम्ही चार म्हणतो. क्षमता बेल्टच्या लेबलवर वाचा. लेबल फाटले असेल किंवा कडेला चीर असेल तर बेल्ट बाद. नायलॉनच्या दोरावर विसंबू नका, तो ताणला की लांबतो. बेल्ट धारदार कडेवरून जातो तिथे खाली रबर घाला. माल ठेंगणा असेल आणि बेल्ट हौद्याशी ३० अंशांचाच कोन करत असेल, तर उभ्या बेल्टच्या तुलनेत दाब निम्माच पडतो. मग बेल्ट वाढवा.

निघाल्यावर पहिल्या दहा-बारा किलोमीटरांत, शिळफाट्याच्या अलीकडे, गाडी रस्त्यापासून नीट बाजूला घेऊन बेल्ट पुन्हा आवळा. हादऱ्यांनी पाइप एकमेकांत बसतात आणि घट्ट वाटणारा बेल्ट ढिला पडतो. हे मुंब्रा बायपासच्या उतार-वळणांआधी झालेच पाहिजे.

भिवंडीजवळच्या माणकोलीला पोचल्यावर बेल्ट सोडण्याआधी माल कोणत्या बाजूला कलला आहे ते बघा. त्या बाजूला कोणी उभे राहायचे नाही. बेल्ट उलट बाजूने, एकेक करून, क्रेनचा पट्टा गठ्ठ्याला लागल्यावरच सोडा.