डावा हात गेलेल्या ऑक्टोपॅडवाल्याला पुन्हा पार्टीत बसवताना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातला पॉवर प्रेस, शेतातली कडबाकुट्टी नाहीतर हायवेवरची गाडी. कारण कुठलंही असो, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं पॅडचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) वाजवणाऱ्याचा डावा हात कोपराखाली गेला की गाण्याबजावण्याच्या पार्टीत चार दिवस हळहळ होते आणि पाचव्या दिवशी विषय निघतो पुढच्या सुपारीचा, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमाचा. इथंच बहुतेक पार्ट्या चुकतात. एकतर कायमचा नवा गडी घेतात, नाहीतर जुन्याला "तू नुसता बसायला ये की गा" म्हणतात. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. त्याला परत आणायचं तर त्याचं काम कमी करू नका. डाव्या हाताचं काम पायाला कसं देता येईल ते बसवा.

हे होतं. डेफ लेपर्ड या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर रिक ॲलन याचा डावा हात ३१ डिसेंबर १९८४ च्या अपघातात गेला. बँडनं त्याची जागा दुसऱ्याला दिली नाही. डाव्या हाताचे ठोके त्यानं डाव्या पायाखालच्या पेडलवर घेतले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या मोठ्या मैदानी कार्यक्रमात तो वाजवायला बसला. मधली दीड वर्षं लक्षात ठेवा. गणपतीला हात गेला आणि दिवाळीला स्टेजवर, असं होत नसतं.

पहिले दोन महिने वाद्याचा विषय त्यानं काढला तरच काढा. तोवर पैशाचं बघा. बदली वादकाला पहिल्याच दिवशी, चार जणांसमोर सांगा की ही जागा तात्पुरती आहे. नंतर सांगितलं की तोही दुखावतो. सात जणांची पार्टी असेल तर प्रत्येक सुपारीचे साडेसात वाटे करा. बदलीवाल्याला पूर्ण वाटा, जखमी गड्याला अर्धा. मदतीचा बोर्ड लावून पेटी फिरवायची असेल तर आधी त्याला विचारा. कारखान्यातला अपघात असेल आणि तो ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) असेल तर अपघाताची नोंद झाली का ते बघा, कारण पुढचे सगळे लाभ त्यावर अडतात. अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्डासाठी (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) जाताना कन्नड वाचता-लिहिता येणारा एक जण सोबत द्या. दुखऱ्या माणसाला खिडकीवर एकट्याला उभं करू नका.

टाके निघाले, जखम पूर्ण भरली आणि डॉक्टरांनी होकार दिला की पायापासून सुरुवात करा, हातापासून नको. डाव्या हाताच्या उरलेल्या भागाला पट्ट्यानं काठी बांधून लगेच ठोकायचा मोह होतो, पण ठोक्याचा हादरा कोवळ्या कातडीला आणि नसेच्या टोकाला झोंबतो. पुढे कधी पट्टा लावलाच, तर काढल्यावर कातडी बघा. लाली वीस मिनिटांत गेली नाही तर पट्टा चुकीचा बसलाय. नसलेली बोटं दुखतात असं तो म्हणाला तर हसू नका. ते दुखणं खरं असतं आणि त्यावर उपचारही असतात. दिसायला लावलेला कृत्रिम हात काठी धरण्याच्या कामाचा नसतो, त्याच्या भरवशावर कार्यक्रम धरू नका.

आता खरं काम. वही घ्या आणि डावा हात काय करत होता ते मात्रेगणिक लिहा. केरवा हा आठ मात्रांचा ताल बघा: धा गे ना ती, न क धी ना. यात बायाँचा (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या डग्ग्याचा) घुमारा १, २ आणि ७ वर आहे. तेवढे तीन ठोके डाव्या पायाला द्या. १ आणि ७ वर हात-पाय एकदम, २ वर एकटा पाय. ६ वरचा 'क' हा बंद बोल आहे, तो सुरुवातीला सोडूनच द्या. ऐकणाऱ्याला फारसं खटकत नाही आणि उजव्या हाताला २ व ६ अशा दोन जागी उसंत मिळते. दादरा (धा धी ना, धा ती ना) सोपा वाटतो, पण फसवा आहे. पाय १, २, ४ वर आणि उजवा हात सहाही मात्रांवर, मध्ये श्वासालाही जागा नाही. म्हणून आधी केरवा, मग दादरा. लावणीची चाल अगदी शेवटी. उजव्या पायाचा किक (पायानं वाजवायचा मोठ्या ड्रमचा ठोका) होता तसाच राहू द्या.

सामान: ऑक्टोपॅडच्या मागच्या ट्रिगर इनपुटला किक ट्रिगर पेडल (पाय दाबला की ऑक्टोपॅडमधला आवाज वाजवणारं, रोलँडचं केटी-१० किंवा तसलं) जोडा आणि त्या इनपुटला बायाँचा आवाज द्या. शक्य असेल तर दोन पेडल लावा, एकावर साधा 'गे', दुसऱ्यावर घसरता. मनगट दाबून येणारी बायाँची मींड (घसरता सूर) पायाला येत नाही, त्यामुळे एकाच पेडलवरचा ठेका सपाट, यंत्रासारखा वाटतो. "पूर्वीसारखं वाटत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते आणि दोष उगाच माणसाला लागतो.

पेडल नुसती जमिनीवर ठेवली तर सरकतात. १८ मिलिमीटर प्लायची साधारण दोन बाय अडीच फुटांची फळी घ्या, तिच्यावर पेडल त्याच्या पायाच्या मापानं कसा, खाली रबर मॅट लावा. गोकाकचं स्टेज असो की निपाणीचा हॉल, अंतर तेच राहतं. ऑक्टोपॅडचा स्टँड थोडा उजवीकडे वळवा आणि 'ना', 'ती', टाळी हे रोजचे आवाज उजव्या हाताजवळच्या पॅडवर आणा. ते किट, म्हणजे आवाजांची ही मांडणी, वेगळ्या नंबरला सेव्ह करा. बदलीवाल्याच्या किटवर लिहिलंत तर दोघांची भांडणं लागतील.

तीन बिघाड हमखास येतात. एक ठोका दिला आणि दोन वाजले, तर ट्रिगरचा मास्क टाइम (एका ठोक्यानंतर दुसरा न घेण्याचा वेळ) थोडा वाढवा. कोणी स्टेजवर चाललं किंवा बास गिटार घुमली आणि बायाँ आपोआप वाजला, तर थ्रेशोल्ड (किती जोराच्या ठोक्यापासून आवाज निघावा ती मर्यादा) वाढवा. लाकडी स्टेजवर आणि ट्रॉलीवर हे फार होतं. थ्रेशोल्ड वाढवल्यावर हलका पाय ऐकू येईना, तर सेन्सिटिव्हिटी वर घ्या. प्रत्येक जागी साउंड चेकला ही तीनही बघा. केबलचा एक जादा जोड पिशवीत ठेवा.

बसायला पाठ असलेलं स्टूल हवं. दोन्ही पाय पेडलवर आणि एक हात नाही, म्हणजे तोल सावरायला जमिनीचा आधारच नाही. सगळा भार बैठकीवर येतो. अंग एका बाजूला कलतं आणि तासाभरात कंबर धरते. गुडघे कमरेपेक्षा जरा खाली राहतील इतकी उंची ठेवा. मॉनिटर (वादकाला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर) त्याच्या डाव्या पायाजवळ लावा आणि त्यात बायाँ चढा ठेवा. हाताचा ठोका अंगाला कळतो, पायाचा कानानंच धरावा लागतो.

सराव वीस मिनिटं, मग दहा मिनिटं थांबायचं, असे तीन फेरे. पहिले पंधरा दिवस मेट्रोनोम ६० वर आणि फक्त पाय. मग हात मिळवा. लय एका वेळी पाचानं वाढवा. पोटरीत गोळा आला की त्या दिवशी बस्स. तो थांबणार नाही, तुम्ही थांबवा. ढोलकीवाल्यानं पोकळी दिसली की भरायची सवय या काळात सोडायची. कुठला ठोका कोणाचा ते वहीत आहे.

रोजच्या गोष्टीत मदत विचारून करा. सामान उचलायला त्याला लावू नका, पण केबल मोजायचं, किट लावायचं काम त्याचंच ठेवा. पंगतीत एका हातानं भाकरी मोडणं अवघड जातं. शेजारच्यानं हळूच "मोडू काय?" म्हणावं, न विचारता ताटात हात घालू नये. अंगरख्याला बटणांऐवजी वेलक्रो लावून घ्या.

पहिला कार्यक्रम विसर्जन मिरवणुकीत नको, जत्रेतही नको. बंद हॉल, दीड तास, भावगीतं आणि अभंग, त्यातली चार-पाच गाणी त्याची आणि बाकीची बदलीवाल्याची. ती चार-पाच सलग ठेवू नका. निवेदकाला आधीच बजावा: नाव आणि वाद्य, एवढंच. अपघात, जिद्द, टाळ्यांचा कडकडाट, यातलं काही नको. आपल्याकडे निवेदन मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही होतं, तेव्हा दोन्ही निवेदकांना वेगवेगळं सांगा. एकाला सांगितलं की दुसरा हमखास बोलून जातो.