जंगलाला लागून जमीन आहे? सीमांकनाआधी (सरकारी हद्द-मोजणीआधी) एवढं हाताशी ठेवा

चोरल, मानपूर, महू या बाजूला आजोबा-पणजोबांपासूनची शेती असलेली मराठी घरं इंदुरात अजून पुष्कळ आहेत. मोठी माणसं इंदूरच्या रामबागेत, मुलं पुण्याला आणि जमीन बटाईदाराकडे, म्हणजे वाट्यानं कसणाऱ्याकडे. मग एक दिवस त्याचा फोन येतो, ‘‘भाऊसाहब, जंगल वाले आए थे, बोल रहे हैं ये पट्टी हमारी है.’’ आमच्याकडे असा फोन आला तेव्हा काका फक्त रजिस्ट्री (नोंदणीकृत खरेदीखत) घेऊन सुनावणीच्या तारखेला गेले. रजिस्ट्रीनं विक्री झाल्याचं सिद्ध होतं, पण विकणाऱ्याची मालकी कुठून आली हे त्या कागदावरून ठरत नाही. आमची दोन वर्षं त्यात गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

सुरुवात घरच्या ट्रंकेपासून करा. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना सातबारा ठाऊक असतो, आपल्याकडे मध्य प्रदेशात खसरा (शेतवार नोंद), खतौनी (खातेदारवार नोंद), नकाशा आणि पावती. ऑनलाइन निघतो तो चालू वर्षाचा खसरा, तो काढाच. पण वाद जुना असतो, म्हणून जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून होळकर काळातल्या बंदोबस्ताची (जमीन-मोजणी आणि सारा ठरवण्याची) मिसल, म्हणजे मूळ दफ्तर, आणि त्यानंतरच्या खसऱ्यांच्या प्रमाणित नकला मागवा. प्रत्येक खसऱ्यात कैफियतीचा (शेऱ्याचा) रकाना वाचा. ‘वन’, ‘चरनोई’ (गायरान), ‘शासकीय’ असा शब्द कोणत्या साली आणि कोणाच्या आदेशानं आला, ते शोधा. आदेशच सापडला नाही तर तो तुमच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे. जमीन मूळ इनाम किंवा माफीची (सारा माफ असलेली) असेल तर जुन्या मध्य भारत राज्याच्या संवत 2007 च्या (1950 च्या) जमीन महसूल आणि कूळ कायद्याखालची नोंदही शोधा. 1959 च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम 158 नं पक्का कृषक (कायम कूळ), माफीदार आणि इनामदार भूमिस्वामी, म्हणजे जमिनीचे मालक झाले, ते त्या नोंदींवरूनच.

घरात मोडीतला कागद असेल तर तो रद्दी समजू नका. मोडी वाचणाऱ्याकडून त्याचं देवनागरीत लिप्यंतर करून घ्या. आमच्या आजीच्या पेटीतल्या कागदावर चतुःसीमा होती: पूर्वेस नाला, उत्तरेस सरकारी रान, मध्ये गाडीवाट. ही गाडीवाट आता कोणाला दिसत नाही, पण पटवाऱ्याच्या जुन्या नकाशावर तुटक रेघेनं ती आहे. आमची बाजू पहिल्यांदा उभी राहिली ती त्या रेघेवर. नाल्यावर मात्र भिस्त ठेवू नका, तो सरकतो. आणि जुन्या कागदात बिघे-बिस्वे, नव्यात हेक्टर, तेव्हा हिशोब आधीच करून एका पानावर लिहून ठेवा.

आता दुसरी बाजू, जी बहुतेक जण विसरतात: वन खात्याचे कागद. गावाची रेघ महसुलाच्या नकाशावर असते, जंगलाची रेघ वनखंडाच्या (वन खात्यानं आखलेल्या जंगलाच्या तुकड्याच्या) नकाशावर, आणि दोन्ही वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी ओढलेल्या. भांडण बहुतेक वेळा या दोन रेघांच्या मधल्या पट्टीचं असतं. म्हणून माहिती अधिकारात वनमंडलाकडून (वन खात्याच्या विभागीय कार्यालयाकडून) वनखंडाचं नाव, त्यातल्या कक्षाचा क्रमांक, नकाशा आणि भारतीय वन अधिनियम 1927 च्या अधिसूचना मागवा. कलम 4 ची आहे की कलम 20 ची, हा फरक जीव तोडून समजून घ्या. कलम 4 म्हणजे राखीव जंगल करण्याचा इरादा. त्यानंतर दाव्यांसाठी उद्घोषणा निघते आणि किमान तीन महिन्यांची मुदत असते. अंतिम घोषणा कलम 20 ची. कितीतरी गावं कलम 4 वरच वर्षानुवर्षं अडकलेली आहेत. तुमचंही तसं असेल तर वन व्यवस्थापन अधिकाऱ्याकडे (असे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) दावा घाला, आणि त्याचा निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला तीन महिने मिळतात. जमीन विकत घेतलेली असेल तर विकणाऱ्याचा हक्क कलम 4 च्या तारखेआधीचा होता हे दाखवणारी साखळी लागेल, मधली एक जरी कडी तुटली असेल तरी तिथेच अडकाल.

राळामंडळसारख्या अभयारण्याशेजारी असाल तर इको सेन्सिटिव्ह झोनची (अभयारण्याभोवतीच्या निर्बंधित पट्ट्याची) अधिसूचना वेगळी वाचा. तिनं मालकी जात नाही, बांधकामावर बंधन येतं. सर्वोच्च न्यायालयाचा 3 जून 2022 चा सरसकट किमान एक किलोमीटरच्या झोनचा आदेश 26 एप्रिल 2023 ला शिथिल झाला, त्यामुळे ऐकीव अंतरावर जाऊ नका.

सगळं जमल्यावरच तहसीलदाराकडे भू-राजस्व संहितेच्या कलम 129 चा सीमांकनाचा अर्ज करा. त्यात शेजारी म्हणून वन विभाग स्पष्ट लिहा आणि त्यांना नोटीस गेल्याची प्रत मागा. वन खात्याचा माणूस हजर नसताना झालेलं सीमांकन पुढच्या तारखेला कोणी मानत नाही, हे आम्ही भोगलंय. दिवाणी दावा करायचा झाला तर सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, ती वकिलाकडून वेळेत लिहून घ्या. तोवर वादाच्या पट्टीत तारेचं कुंपण, जेसीबी, झाड तोडणं, काहीच नको. मशीन जप्त झालं तर मालकीचा वाद बाजूला राहून फौजदारी सुरू होते.

मोजणीच्या दिवशी बटाईदार आणि गावातला एखादा म्हातारा सोबत असू द्या, कारण मुनारा, म्हणजे जंगलाच्या हद्दीचा खांब, आधी कुठे होता हे त्यालाच आठवतं. आमच्याकडचा मुनारा शेतात बारा पावलं आत होता, आणि त्याच्या बुडाशी सिमेंट नवं दिसत होतं. मुनाऱ्यावरचा नंबर वाचा, बुडासकट फोटो घ्या, जुना चांदा (मोजणीचा खुणेचा दगड) सापडला तर त्याचाही. मोजणी कोणत्या बिंदूपासून सुरू केली ते पंचनाम्यात लिहायला लावा. कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नका. हरकत असेल तर सहीच्या वरच आपल्या हातानं लिहा आणि त्या पानाचा फोटो तिथल्या तिथे काढून घ्या.