फ्लो बेंचवरचा बारीक फरक दिसण्यासाठी तिरकी नळी

व्हॅक्यूम क्लीनरची मोटर आणि प्लायचा दोन कप्प्यांचा खोका वापरून घरगुती फ्लो बेंच, म्हणजे इंजिनच्या हेडमधून किती हवा जाते ते मोजायचं यंत्र, तयार होतो, पण हेडमधला हवेचा मार्ग (पोर्ट) घासण्याआधीचा आणि नंतरचा फरक दाब दाखवणाऱ्या उभ्या पाण्याच्या नळीत जेमतेम दिसतो. त्यात वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या गाळ्यात व्होल्टेज वरखाली झालं की आकडाही हलतो.

१. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या. १ मीटर लांबीत १० सेंटीमीटर चढ ठेवून ती फळीवर बसवा. पाणी १ मिलिमीटर चढलं, की नळीत ते १० मिलिमीटर सरकतं.

२. खालचं टोक रुंद बाटलीच्या तळाशी जोडा. बाटलीचं तोंड बंद करून ओरिफिसच्या (दोन कप्प्यांमधल्या ठरावीक छिद्राच्या) हेडकडच्या कप्प्याला जोडा, नळीचं वरचं टोक मोटरकडच्या. पाण्यात रंग आणि भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब टाका. बुडबुडे मात्र पूर्ण काढा, नाहीतर सगळं फुकट.

३. हेडखालच्या कप्प्याला वेगळी यू-नळी लावा. मोटरकडच्या कप्प्याला बाहेरची हवा आत घेणारा व्हॉल्व्ह बसवून दरवेळी यू-नळीत २५ सेंटीमीटरच दाब धरा आणि मगच तिरकी नळी वाचा. व्होल्टेजचा त्रास इथेच मिटतो.

तिरक्या नळीतला आकडा १० टक्के वाढला तर हवा साधारण ५ टक्केच वाढलेली असते, गिऱ्हाइकाला सांगताना हे धरून बोला.

मोटर नेहमी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवूनच चालू करा. तो बंद असेल तर नळ्यांतलं पाणी खोक्यात आणि तिथून मोटरमध्ये ओढलं जाऊ शकतं.